थेंब निवडायचा कसा? : शाईच्या फवाऱ्यापासून एन्झाइमच्या शोधापर्यंत

आपल्या मालिकेत आज एका यंत्राचा इतिहास बघायचा आहे, पण त्याचा नायक आहे थेंब. केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही लहान, तेलात वाहणारा पाण्याचा थेंब. आज जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत असे कोट्यवधी थेंब तयार करतात, प्रत्येकात जमेल तर एकच पेशी किंवा एकच जनुक ठेवतात, आणि सेकंदाला शेकडो-हजारोंच्या वेगाने त्यातले हवे तेवढेच बाजूला काढतात. नवं एन्झाइम, म्हणजे विकर, शोधायचं असो की औषधासाठी अँटिबॉडी, या निवडीवर बरंच काही अवलंबून असतं.

मराठीत धान्य साफ करण्यासाठी तीन वेगळी क्रियापदं आहेत. चाळणी आकार बघते, म्हणून आपण चाळतो. सुपात हलकं फोलपट उडून जातं, म्हणून पाखडतो. पण दाण्याच्याच आकाराचा आणि दाण्याच्याच वजनाचा खडा या दोन्हींतून सुटतो. तो निवडावा लागतो, एकेका दाण्याकडे बघून. जीवशास्त्रातही चाळणं आणि पाखडणं आधी आलं. गाळण्या होत्या, सेंट्रिफ्यूज होतं. एकेका पेशीकडे बघून ती वेगळी काढणं, म्हणजे खऱ्या अर्थाने निवडणं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शक्य झालं.

ही गोष्ट बहुतेक वेळा वेगाची गोष्ट म्हणून सांगतात: आधी इतके, मग हजार पट, मग आणखी हजार पट. वेग खरा आहे, पण मला वाटतं त्यात मुख्य गोष्ट निसटते. या इतिहासात दोन वेगळ्या कल्पना आहेत. एकीत थेंब हे वाहन आहे, दुसरीत थेंब ही खोली आहे. या दोन कल्पना जवळपास ४० वर्षं एकमेकींपासून लांब राहिल्या. त्या एकत्र कशा आल्या, हे आज बघू.

थेंब हे वाहन

सुरुवात अमेरिकेतल्या लॉस अलामोसपासून करू. अणुबॉम्बसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रयोगशाळेत जीवशास्त्राचाही एक गट होता, कारण किरणोत्साराचा पेशींवर काय परिणाम होतो हे समजून घ्यायचं होतं. १९६०च्या दशकात तिथे मॅक फुलवायलर नावाचा एक इंजिनिअर काम करत होता.

त्या काळात रक्तपेशी मोजायला वॉलेस कूल्टर यांचं यंत्र वापरात आलं होतं. त्याचं तत्त्व सोपं आहे. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते आहे, मध्ये एक बारीक छिद्र आहे. पेशी छिद्रातून गेली की तेवढ्या क्षणापुरता विजेला अडथळा होतो. पेशी जितकी मोठी, तितका अडथळा मोठा. म्हणजे मोजणीही झाली आणि आकारमानही कळलं.

या यंत्रातून लाल पेशी सोडल्या की आलेखावर एका उंचवट्याऐवजी दोन उंचवटे दिसत. त्यावरून असं म्हटलं जाऊ लागलं की लाल पेशींचे दोन प्रकार असावेत, एक लहान आणि एक मोठा. फुलवायलरला हे पटेना. लाल पेशी गोटीसारखी गोल नसते, चपटी असते. ती छिद्रातून कशी वळून जाते यावर आकडा बदलू शकतो. पण हे सिद्ध कसं करणार? आलेखाकडे कितीही वेळ बघून उपयोग नव्हता. दुसऱ्या उंचवट्यातल्या पेशी खरोखर हातात मिळायला हव्या होत्या, म्हणजे त्या पुन्हा यंत्रातून सोडता आल्या असत्या.

उपाय मिळाला छपाईच्या तंत्रात. स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी शाईच्या बारीक धारेचे थेंब पाडून, त्यांना विद्युतभार देऊन, विद्युतक्षेत्रातून वळवत कागदावर रेषा काढणारं उपकरण बनवलं होतं. आज औषधाच्या पाकिटावर, पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांनी उमटलेली तारीख तुम्ही बघता ना, ती छापणारी यंत्रं याच घराण्यातली. धार आपोआप थेंबांत तुटते, हे लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच गणिताने दाखवलं होतं. नळीला ठरावीक कंपन दिलं की थेंब सारख्या आकाराचे आणि ठरावीक वेळाने पडतात.

फुलवायलरने शाईच्या जागी पेशी ठेवल्या. आधी कूल्टरच्या छिद्रात पेशीचं आकारमान मोजायचं, मग ती ज्या थेंबात बसून बाहेर पडेल त्याला नेमक्या क्षणी विद्युतभार द्यायचा, आणि विद्युतक्षेत्राने तो थेंब वेगळ्या भांड्यात वळवायचा. १९६५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं. उंदराच्या आणि माणसाच्या लाल पेशी मिसळून त्या पुन्हा वेगळ्या करून दाखवल्या होत्या. यंत्रातून गेलेल्या हॅम्स्टरच्या पेशी पुढे नीट वाढतात, हेही तपासलं होतं.

आणि ते दोन उंचवटे? एका उंचवट्यातल्या पेशी वेगळ्या काढून पुन्हा मोजल्या, तर पुन्हा दोन उंचवटे आले. दोन प्रकार नव्हतेच. मोजण्याच्या रीतीतून तयार झालेला तो भास होता. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

पुढे स्टॅनफर्डमधल्या लेन हर्झेनबर्ग यांनी हीच रचना घेतली आणि आकारमानाऐवजी प्रकाश वापरला. पेशींना चमकणारा रंग जोडायचा आणि ज्या चमकतील त्या काढून घ्यायच्या. १९६९ मध्ये त्यांच्या गटाचं पहिलं यंत्र आलं, १९७२ मध्ये लेझर वापरणारी आवृत्ती आली. हीच ती ‘फॅक्स’ पद्धत. २००६ मध्ये हर्झेनबर्ग यांना क्योटो पुरस्कार मिळाला. आपल्याकडे एचआयव्हीच्या रुग्णांची सीडी४ तपासणी होते, तिच्यामागचं फ्लो सायटोमेट्रीचं तंत्र याच कुळातलं. तिथे निवड होत नाही, मोजणीच होते, पण पेशीकडे बघण्याची रीत तीच.

या सगळ्यात थेंबाचं काम किती? पेशीला बसवायचं आणि योग्य भांड्यात उतरवायचं. म्हणून मी त्याला वाहन म्हटलं. यात एक मोठी अडचण होती. पेशीच्या आत किंवा अंगावर जे आहे तेच या यंत्राला दिसतं. पेशीने जे बाहेर सोडलं, उदाहरणार्थ अँटिबॉडी किंवा एखादं एन्झाइम, ते सगळ्या पेशींच्या सामायिक पाण्यात मिसळून गेलेलं असतं. कोणी काय सोडलं, हे मग सांगता येत नाही.

थेंब ही खोली

दुसरी कल्पना ऑस्ट्रेलियातली, आणि ती आधीची आहे. १९५७ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत मॅकफार्लेन बर्नेट यांनी एक सिद्धान्त मांडला. शरीरातली प्रत्येक अँटिबॉडी बनवणारी पेशी फक्त एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते आणि रोगजंतू आला की योग्य पेशीची संख्या वाढते, असं त्यांचं म्हणणं होतं. हे तपासायचं तर एकेक पेशी वेगळी ठेवून तिने काय सोडलं ते बघायला हवं.

बर्नेट यांच्याकडे गुस्ताव नोसल नावाचा तरुण डॉक्टर होता, आणि अमेरिकेहून जोशुआ लेडरबर्ग पाहुणे म्हणून आले होते. दोघांनी उंदीरवर्गातल्या रॅट या प्राण्याला साल्मोनेला जीवाणूंच्या दोन वेगळ्या प्रकारांची लस दिली. मग त्याच्या लसिका ग्रंथीतली एकेक पेशी उचलून खनिज तेलाखालच्या इवल्या थेंबात ठेवली. त्या थेंबात थोडे पोहणारे जीवाणू सोडले. पेशीने योग्य अँटिबॉडी सोडली की जीवाणूंचं पोहणं थांबतं. सूक्ष्मदर्शकातून बघायचं: थांबले की नाही?

दोन्ही प्रकारच्या जीवाणूंना थांबवणारी पेशी त्यांना सापडली नाही. जी एकाला थांबवी, ती दुसऱ्याला थांबवत नव्हती. १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं आणि बर्नेट यांच्या सिद्धान्ताला प्रयोगाचा पहिला आधार मिळाला.

इथे थेंबाने केलेलं काम बघा. तेल ही भिंत झाली. पेशीने सोडलेली अँटिबॉडी बाहेर जाऊ शकली नाही, म्हणून ती कोणाची हे सांगता आलं. भिंतीमुळे दुसरा फायदाही होतो: जागा लहान असल्याने माल पातळ होत नाही. आजचा १२ पिकोलिटरचा थेंब घ्या. १०० मायक्रोलिटरच्या वाटीत एखादा रेणू जितका विरळ होतो, त्याच्या सुमारे ८० लाख पट तो या थेंबात दाट राहतो.

याच बळावर १९६१ मध्ये बोरिस रॉटमन यांनी एक धाडसी प्रयोग केला. दुधातली साखर तोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम त्यांनी इतकं विरळ केलं की सिलिकोन तेलातल्या एखाद्याच बारीक थेंबात त्याचा एखादाच रेणू पडावा. सोबत एक पदार्थ ठेवला, जो तुटला की चमकतो. काही थेंब उजळले, बाकीचे अंधारात राहिले. एका रेणूचं काम असं मोजता आलं.

पण ही खोली हाताने बनवायची, डोळ्याने तपासायची. नोसल यांच्या पद्धतीत कोटी पेशींचा विचारही शक्य नव्हता. एकीकडे वेगवान वाहन होतं, दुसरीकडे हुशार खोली होती, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

भिंतीच्या आत जनुक आणि त्याचं काम

१९९८ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला डॅन तौफिक आणि अँड्र्यू ग्रिफिथ्स यांनी खोलीच्या कल्पनेला नवं वळण दिलं. त्यांनी तेल आणि पाणी घुसळून इमल्शन केलं. एका मिलिलिटरमध्ये सुमारे १० अब्ज थेंब. थेंबात पेशी नव्हती. एक जनुक आणि त्यापासून प्रथिन बनवायची सामग्री, एवढंच.

प्रश्न उत्क्रांतीचा होता. निसर्गात चांगलं काम करणारं एन्झाइम टिकतं, कारण ते आणि त्याचं जनुक एकाच पेशीच्या आवरणात असतात. काम चांगलं झालं तर फायदा त्याच जनुकाला होतो. परीक्षानळीत हजार जनुकं एकत्र टाकली तर कष्ट एकाचे आणि श्रेय सगळ्यांना, अशी गत होते. थेंबाच्या भिंतीने हा हिशेब चोख केला. त्यांच्या प्रयोगात थेंबातलं एन्झाइम स्वतःच्याच जनुकावर रासायनिक खूण करत असे. मग सगळे थेंब फोडून, खूण नसलेलं डीएनए कापणारं दुसरं एन्झाइम टाकलं. ज्यांनी काम केलं तीच जनुकं वाचली.

मात्र ही युक्ती डीएनएवर खूण करणाऱ्या एन्झाइमपुरती होती. इतर एन्झाइमसाठी चमकणारा थेंब ओळखून वेगळा काढणं भाग होतं. २००४-०५ च्या सुमारास पाण्यात तेल आणि तेलात पुन्हा पाणी, असे दुहेरी थेंब करून ते फॅक्स यंत्रातून सोडले गेले. जमलं, पण घुसळून केलेले थेंब लहानमोठे असतात. मोठा थेंब नुसत्या आकारामुळेही जास्त चमकतो. मग चमक कामाची की आकाराची?

तीन अडचणी, तीन उत्तरं

दोन वाटा जुळायला तीन गोष्टी हव्या होत्या.

पहिली, सारख्या आकाराचे थेंब. १९९०च्या दशकात पारदर्शक सिलिकोन रबरात केसाएवढ्या नाल्या साच्यातून काढण्याची स्वस्त पद्धत रुळली. २००१ मध्ये कॅल्टेकमध्ये स्टीफन क्वेक, फ्रान्सिस अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या नालीत तेलाच्या प्रवाहाने पाण्याची धार कापली की थेंब शिस्तीत पडतात. याच अर्नोल्ड यांना पुढे २०१८ मध्ये एन्झाइमच्या दिग्दर्शित उत्क्रांतीसाठी नोबेल मिळालं.

दुसरी, पक्की भिंत. थेंब एकमेकांना भिडले की मिसळतात. त्यांच्यामध्ये साबणासारखा पदार्थ लागतो, आणि तो आतल्या पेशीला मारक नसावा. फ्लोरिनयुक्त तेलं आणि त्यांच्यासाठी खास बनवलेले असे पदार्थ २००८ पर्यंत हाताशी आले. या तेलात ऑक्सिजन चांगला विरघळतो, म्हणून आतली पेशी गुदमरत नाही.

तिसरी, वळवण्याची रीत. फुलवायलरचा थेंब हवेत उडत होता आणि त्याच्यावर विद्युतभार होता. तेलाने भरलेल्या बंद नालीत दुसरा मार्ग निघाला. केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे ओढते. कपट्यांवर स्वतःचा विद्युतभार नसतो, तरी ते जिथे क्षेत्र तीव्र तिकडे ओढले जातात. विषम विद्युतक्षेत्रात तेलातला पाण्याचा थेंबही असाच ओढला जातो. या परिणामाला १९५१ मध्ये हर्बर्ट पोल यांनी डायइलेक्ट्रोफोरेसिस असं नाव दिलं होतं. २००६ मध्ये हार्वर्डमधल्या डेव्हिड वाइट्झ यांच्या गटाने त्यावर थेंब वळवून दाखवले.

नालीची रचना मोठी समजूतदार आहे. पुढे दोन फाटे असतात. एकात वाहणं सोपं असतं, म्हणून काहीच केलं नाही तर प्रत्येक थेंब तिकडे, म्हणजे टाकाऊ भांड्यात जातो. लेझरखाली थेंब चमकला तरच क्षणभर वीज लागते आणि तो दुसऱ्या फाट्यात ओढला जातो. म्हणजे नाकारणं आपोआप होतं, स्वीकारण्यासाठीच प्रयत्न करावा लागतो.

चूक कुठे होती?

२००९ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला जाँ-क्रिस्तोफ बारे, ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी हे सगळं एकत्र केलं. वाहन आणि खोली अखेर एका नालीत आले. थेंब १२ पिकोलिटरचे, सुमारे २८ मायक्रॉन व्यासाचे. एका मिलिलिटरमध्ये असे ८ कोटींहून जास्त मावतात. तेवढेच प्रयोग ३८४ वाट्यांच्या प्लेटवर करायचे तर २ लाखांहून जास्त प्लेट लागतील.

चाचणीसाठी त्यांनी ई. कोलाय जीवाणू घेतले. काहींमध्ये रॉटमन यांचंच जुनं एन्झाइम चालू स्थितीत, काहींमध्ये निकामी. यंत्र सेकंदाला २,००० थेंबांपर्यंत निवडू शकत होतं, प्रत्यक्ष चाचणी सुमारे ३०० च्या वेगाने केली. यंत्राने चुकून भलताच थेंब उचलण्याचं प्रमाण १०,००० मध्ये एकापेक्षाही कमी निघालं.

तरीही निवडलेल्या मालात निकामी जीवाणू सापडत होते. का? निवडलेले जीवाणू वाढवून तपासले तेव्हा उत्तर मिळालं. यंत्र बरोबर होतं. चमकणाऱ्या थेंबात चांगल्या जीवाणूसोबत एखादा निकामी जीवाणूही फुकट बसून आला होता.

इथे आणखी जुनं गणित भेटतं. १९०७ मध्ये आयर्लंडच्या गिनेस बिअर कारखान्यातले विल्यम गॉसेट यीस्टच्या पेशी काचेवरच्या चौकोनांत मोजत होते. कोणत्या चौकोनात किती पेशी पडतील, हे प्वासाँच्या वितरणाने सांगता येतं, हे त्यांनी दाखवलं. थेंबांनाही तोच नियम लागू. सरासरी थेंबामागे एक पेशी ठेवली, तर सुमारे ३७ टक्के थेंब रिकामे, ३७ टक्क्यांत नेमकी एक आणि २६ टक्क्यांत दोन किंवा जास्त. म्हणजे भरलेल्या थेंबांपैकी ४० टक्क्यांहून अधिक थेंबांत गर्दी.

उपाय एकच, पेशी विरळ करा. स्ट्रासबूर्गच्या गटाने दर ५० थेंबांमागे एक जीवाणू ठेवला, तेव्हा परत मिळालेले सगळे जीवाणू चांगले निघाले. किंमत अशी की १०० पैकी ९८ थेंब रिकामे वाहून जातात. वेग एवढा का हवा, याचं एक खरं कारण हे आहे: बहुतेक वेळ रिकाम्या खोल्या तपासण्यात जातो.

१० तासांत १० कोटी, आणि त्यानंतर

२०१० मध्ये वाइट्झ, ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम घेतलं. ते मुळातच अतिशय कार्यक्षम. त्याची बदललेली रूपं यीस्टच्या अंगावर मांडून त्यांनी १० तासांत सुमारे १० कोटी अभिक्रिया तपासल्या, एकूण १५० मायक्रोलिटरपेक्षा कमी द्रव्यात. मूळ एन्झाइमपेक्षा १० पटींहून जलद चालणारी रूपं सापडली. त्यांच्या हिशेबाने रोबोच्या तुलनेत वेग १,००० पट वाढला आणि खर्च १० लाख पट घटला.

२०२० मध्ये अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी थेंबांत बंद करून, निवडून, त्यांची जनुकं वाचण्याचं काम ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झालं. ग्रिफिथ्स त्यातही होते. नोसल आणि लेडरबर्ग यांनी हाताने केलेला प्रयोग ६२ वर्षांनी यंत्राच्या वेगाने झाला. प्रश्न मात्र तोच राहिला: ही एकटी पेशी काय बनवते?

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. यंत्र चमक निवडतं, आणि चमक म्हणजे आपल्याला हवं असलेलं काम नव्हे. औषध बनवताना जो पदार्थ तोडायचा असतो तो सहसा चमकत नाही. म्हणून त्याच्यासारखा चमकणारा पदार्थ वापरतात. मग सापडतं ते त्या बदली पदार्थावर उत्तम चालणारं एन्झाइम, खऱ्या पदार्थावर ते कदाचित साधारणच निघतं. काही चमकणारे रंग भिंतीतून झिरपतातही. शेजारच्या थेंबाच्या उजेडाने अंधारा थेंब उजळ वाटू लागतो. १० कोटींतून अशी चुकीची निवड झाली, तर ती चूकही १० कोटींच्या आत्मविश्वासाने पुढे येते.

म्हणूनच फुलवायलरचे दोन उंचवटे मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटतात. पेशी निवडणारं यंत्र जन्माला आलं ते एका आलेखावर शंका घेण्यासाठी. मोजणी आकडा देते. आकड्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. निवड वस्तूच हातात देते, बहुतेकदा जिवंत, आणि ती पुन्हा त्याच कसोटीतून घालता येते. लॉस अलामोसला त्यामुळे पेशींचा एक खोटा प्रकार नाहीसा झाला. स्ट्रासबूर्गला चूक यंत्राची नसून गर्दीची आहे, हे कळलं.

तेव्हा यापुढे कुठे वाचलंत की अमुक कोटी थेंब तपासून नवं काही सापडलं, तर आकड्यापाशी थांबू नका. निवडलेलं पुन्हा वाढवून, खऱ्या पदार्थावर, वेगळ्या रीतीने तपासलं का, ते पाहा. त्या परिच्छेदातच शोध लागला की नाही हे ठरतं.